रविवारी करतो म्हटलं ना!

६ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. वाकून नाही, कारण तू मंत्र्याच्या घरात राहतेस आणि मी विरोधी बाकावर बसते. अधिवेशन संपलं की वाकून करीन.

पत्र कशाला, असं म्हणशील. तुमच्या घरी फोन केला की भावोजींचे सचिव उचलतात. आपल्या दोघींचा आवाज इतका सारखा, की परवा मी नुसतं "हॅलो" म्हटलं तर ते लगेच सांगायला लागले, "मॅडम, साहेबांना उद्याच्या चर्चेची धास्ती बसलीये, जेवायला येणार नाहीत." मंत्र्याची असली गुपितं विरोधकाच्या कानावर पडणं बरं नव्हे. तुझा मोबाइल कुठल्या डब्यामागे वाजत असतो ते तुझं तुलाच ठाऊक. तेव्हा पत्र.

आज माझा पहिला प्रश्न लागला! निवडून आल्यापासून नुसती बाकं बडवत होते, आज पहिल्यांदा उभी राहिले. समोर आरोग्यमंत्री, म्हणजे तुझे अहो. विषय आपल्या गावच्या सरकारी दवाखान्याची लिफ्ट. इथं "लिफ्ट कधीची बंद आहे, लाज नाही वाटत?" असं विचारायची सोय नाही. "रुग्णालयातील उद्वाहन बंद असल्याने तिसऱ्या मजल्यावरील प्रसूती विभागात महिलांना खुर्चीत बसवून जिन्याने न्यावे लागते, हे खरे आहे काय?" असं विचारायचं. त्याला भावोजींचं छापील उत्तर: "हे अंशतः खरे आहे."

मला सांग ताई, लिफ्ट अंशतः बंद कशी असते? मी तेच विचारलं. तर भावोजी उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तळमजल्यावर बटण दाबल्यास दिवा लागतो, हे सन्माननीय सदस्यांनी लक्षात घ्यावे." दिवा लागतो! त्यांच्या बाजूच्यांनी बाकं वाजवली. मी पुढे काही बोलायच्या आत अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला.

मला हसू येत होतं आणि रडूही. आपल्या धाकट्या भावाच्या बायकोला सातवा महिना आहे. पायांवर सूज, रक्तदाब वर. डॉक्टरीणबाईंनी जिने चढू नको म्हणून सांगितलंय, आणि स्वतः बसतात तिसऱ्या मजल्यावर! दुसरा दवाखाना जवळपास नाही. तिथल्या हेडसिस्टर मला म्हणाल्या, "मला बाळंतपणाची भीती नाही वाटत, खुर्चीची वाटते. जिन्याच्या वळणावर एकाचा जरी हात सुटला ना..."

तू भावोजींना घरी सांग ना. बायकोचं तरी ऐकतील.

तुझी,
विरोधी बाकावरची भुंगी


१४ फेब्रुवारी

प्रिय भुंगी,

आधी आईचा निरोप: केस विंचरून सभागृहात जात जा. टीव्हीवर दिसतं.

आता तुझी मागणी. ती नामंजूर. तू निवडून आलीस त्या दिवशी आईनं तुला, मला आणि ह्यांना समोर बसवून काय बजावलं होतं, आठवतंय ना? ताटावर राजकारण नको. मी तुझं गाऱ्हाणं ह्यांच्याकडे नेणार नाही आणि ह्यांचं तुझ्याकडे आणणार नाही. नाहीतर तुझं आमचं बोलणंच बंद होईल आणि आईला ते सोसायचं नाही.

पण एक घरगुती गोष्ट सांगते, तिला राजकारण म्हणता येणार नाही. आमच्या न्हाणीघरातला नळ गळतोय. मी म्हटलं, प्लंबरला बोलावते. तर म्हणाले, "छे! मी हार्डवेअरच्या दुकानदाराचा मुलगा. माझ्या घरच्या नळाला परका माणूस हात लावणार?" मग माळ्यावरून वडिलांचा पाना काढला, पुसला, आणि बेसिनवर ठेवून दिला. तो आजही तिथंच आहे आणि नळ गळतोच आहे.

मी विचारते, "नळ?" हे म्हणतात, "बघतोय." मी म्हणते, "काय बघताय?" तर म्हणतात, "वॉशर की आटे, ते आधी ठरायला हवं." काल तर चक्क म्हणाले, "पूर्ण गळत नाहीये, थेंब थेंब येतंय." तेव्हा तुझं अंशतः काय ते मला बरोबर कळलं.

माणूस वाईट नाही गं. पेशंटची पत्रं स्वतः वाचतो, वाचताना डोळ्यांत पाणी येतं. फक्त "कधी?" तेवढं विचारायचं नाही. बाकी हवं ते विचार, दिलखुलास उत्तर देतील. "कधी" म्हटलं की पेपर तोंडासमोर.

भावजयीकडे पुढच्या आठवड्यात जाऊन येते.

तुझी,
ताई


५ मार्च

सौभाग्यवती मंत्रीपत्नी यांस,

रागावून लिहितेय, अक्षर लागलं तर वाच.

काल लिफ्टचा प्रश्न पुन्हा लागला. मी खुर्चीचा मुद्दा राखून ठेवला होता. मंत्री बेसावध असताना विचारायचं की खुर्ची उचलताना हात सुटला तर जबाबदार कोण? विचारलं. आणि भावोजींनी खिशातून कागद काढून वाचून दाखवलं: "खुर्ची ही पर्यायी व्यवस्था असून तिला नवीन पट्टे बसविण्यात आले आहेत." कागद तयार! पट्टेसुद्धा तयार!

खुर्चीचं मी तुला लिहिलं होतं. तुला, फक्त तुला. म्हणे ताटावर राजकारण नको. ताटावर नसेल, उशीवर तरी झालंच ना?

तुला कल्पना नाही मी किती जीव तोडून तयारी केली होती. इथं सगळा खेळ एका शब्दाचा असतो. मंत्री सभागृहात "करतो" म्हणाला, की ते आश्वासन होतं. मग आश्वासन समिती ते पुरं होईपर्यंत खात्याच्या मानगुटीवर बसते. समितीचे अध्यक्ष म्हणजे एक खडूस आजोबा, त्यांच्या नुसत्या खोकल्यानं अधिकारी फायली घेऊन धावतात. म्हणून तर मंत्री "करतो" म्हणतच नाहीत. "करण्यात येईल", "विचाराधीन आहे", "उचित कार्यवाही सुरू आहे". मला तो एक शब्द हवा होता, आणि तू त्यांना पट्टे लावून पाठवलंस.

भावजयीचा पुढच्या महिन्यात नंबर आहे. तिला काय सांगू, पट्टे नवीन आहेत?

भुंगी


१२ मार्च

सन्माननीय सदस्या,

तुझं पत्र पोचलं. दोन दिवस उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, मग आणखी चार दिवस ठरवलं. आता राग शिळा झाला, म्हणून लिहिते.

खुर्चीचं तू मला लिहिलंस. त्याशिवाय बाजारातल्या सभेत माइकवरून सांगितलंस, स्थानिक पेपरात फोटोसकट छापून आणलंस, आणि वर खुर्ची डोक्यावर घेऊन मोर्चा काढलास. माझ्याकडून फुटलं म्हणे! लहानपणी आईसाठी आणलेली साडी तुला गुपचूप द्यायची होती, तर तू दारातूनच ओरडली होतीस, "आई, तुझ्यासाठी साडी आणली नाहीये!" तुझ्या पोटात कधी काही राहिलंय का?

असो. मी भावजयीकडे जाऊन आले. तिच्याबरोबर तपासणीला गेले. पहिला जिना ती हसत चढली. दुसऱ्यावर कठड्याला धरून थांबली. तिसऱ्याच्या मधल्या पायरीवर बसलीच. मी पदरानं वारा घालत होते आणि ती मलाच म्हणते, "ताई, तुम्ही दमलात का?" माझा नवरा त्या खात्याचा मंत्री, आणि मी त्या पायरीवर त्याच्याच मेहुण्याच्या बायकोला वारा घालतेय.

ह्यांना मी लिफ्टबद्दल अवाक्षर बोलले नाही. शब्द म्हणजे शब्द. पण हे आपणहून एकदा चहा पिताना म्हणाले, "खातं म्हणतं नवी इमारत येणार, जुन्या लिफ्टला हात लावू नका. मी कागदावर तारीख घातली की सचिव खोडून परत पाठवतात." मी म्हटलं, "मला काय सांगता? मी नळाचं विचारतेय."

हो, घरी मी आता प्रश्नोत्तराचा तास सुरू केलाय. रोज नाश्त्याला. आधी नुसतं विचारायची, आता ठणकावून विचारते. "नळ नक्की कधी?" आणि मग गप्प बसते. पोहे वाढत नाही, काही नाही, नुसती बघत राहते. परवा पेपर खाली ठेवून ओरडले, "अगं, रविवारी करतो म्हटलं ना! मी स्वतः पाना घेऊन बसतो!" रविवार आला, गेला. पण उत्तर पाठ झालंय. आता मी "नक्की कधी" म्हटलं की पेपरातून मान न काढता म्हणतात.

तुझा प्रश्न पुन्हा लागला तर माझं एक ऐक. कायदा, कलमं, खुर्ची, सगळं घरी ठेवून ये. दोनच शब्द विचार आणि तोंड मिट. तुला दुसरं जमणं कठीण आहे, पण बघ प्रयत्न करून.

ताई


८ एप्रिल

ताई! ताई! ताई!

सभागृहातून आल्या आल्या लिहितेय.

आज सकाळी लिफ्ट पुन्हा कार्यक्रमपत्रिकेवर. भावोजींनी नेहमीचं उत्तर वाचलं, "नवीन इमारत प्रस्तावित असल्याने उचित कार्यवाही विचाराधीन आहे." कागद मिटला, खाली बसायला वाकले. मी उठले. हातात टिपणांची चळत होती, ती बाकावर पालथी घातली. तुझं आठवलं, आणि म्हटलं,

"नक्की कधी?"

आणि गप्प बसले. ताई, मी गप्प बसले! आमच्या पक्षाचे लोक वळून बघायला लागले की हिला बरं नाही का.

भावोजी अर्धे वाकलेले होते, तसेच थांबले. माझ्याकडे बघितलं. कागदाकडे बघितलं. आणि मग भर सभागृहात, माइक चालू असताना, म्हणाले,

"अगं, रविवारी करतो म्हटलं ना! मी स्वतः पाना घेऊन बसतो!"

क्षणभर कुणाला काही कळेना. मग जे हसू फुटलं, ते सरकारपक्षापासून पत्रकारांच्या सज्जापर्यंत. पट्टेवालेसुद्धा तोंडावर टोपी धरून हसत होते. अध्यक्षांनी घंटा वाजवली, त्यांचेही खांदे हलत होते. पण त्यांनी शेवटी सरळ आवाजात सांगितलं: "मंत्रीमहोदयांनी येत्या रविवारी, स्वतः जाऊन, उद्वाहन दुरुस्त करण्याचे आश्वासन दिले आहे. नोंद घ्यावी." खडूस आजोबा आपल्या बाकावरून नुसते खोकले.

मागच्या रांगेतले अधिकारी चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या पाठवत होते. भावोजी खुलासा करायला अर्धे उठले, मग बसले. कान लालबुंद. बिचारे! मला जिंकल्याचा आनंद झाला, पण त्या कानांकडे बघून वाईटही वाटलं. किती झालं तरी माझ्या लग्नात माझ्या बाजूनं भांडलेला माणूस तो.

आई म्हणते, रविवारी मी दवाखान्यात जायचं नाही. मी गेले की सभा होते. तेव्हा तू जा आणि सगळं लिही.

आणि एक विचारू? ह्यात तू काही केलंस का?

तुझी,
(आज गप्प बसलेली) भुंगी


१३ एप्रिल

प्रिय भुंगी,

आत्या झाल्याबद्दल अभिनंदन! मुलगी. रडते तुझ्यासारखी, म्हणजे अध्यक्षांना घंटा वाजवावी लागेल.

आता सांगते नीट, पहिल्यापासून.

रविवारी सकाळी आम्ही दवाखान्यात पोचलो. ह्यांच्या हातात खरंच पाना. आजवर बंद लिफ्टकडे ढुंकून न पाहिलेले सगळे इंजिनिअर दारात हजर. भिंतीला रंग दिलेला, ओला, माझ्या पदराला लागला. आणि लिफ्ट चालू! म्हणे रातोरात पार्ट मिळाला. मुख्य इंजिनिअर म्हणाले, "साहेब, आपण पहिले बसा." हे बसले, इंजिनिअर बसले, दार लागलं, दिवा लागला. लिफ्ट पहिल्या मजल्याच्या वर गेली आणि खाड् करून अडकली.

बाहेर पळापळ. आतून ह्यांचा आवाज: "काय झालं?"

बाहेरचा अधिकारी: "काही नाही साहेब, माहिती घेतोय."

"दार उघडा!"

"उचित कार्यवाही सुरू आहे, साहेब."

आणि मग आतून एक आवाज आला, भुंगी, जो मी इतकी वर्षं संसार करून कधी ऐकला नव्हता. "कधी? नक्की कधी?"

हेडसिस्टर तोंडात रुमाल कोंबून भिंतीकडे वळल्या. मला हसता येईना, कारण तेवढ्यात धाकटा रिक्षातून बायकोला घेऊन उतरला. कळा सुरू झाल्या होत्या, वेळेच्या आधी. लिफ्ट अडकलेली. खुर्ची आणली, नवे पट्टे आवळले, दोन वॉर्डबॉय आणि धाकटा, आणि निघाली वरात जिन्यानं. जिना लिफ्टला लागून वर जातो. आत अडकलेल्या माणसाला सगळं ऐकू येत होतं. "सावकाश." "वळण आहे." "उजवीकडून धर." आणि तिचा तो आवाज.

दार हातानं फाकवून ह्यांना दुसऱ्या मजल्यावर बाहेर ओढलं, तर खुर्ची नेमकी तिथंच. धाकट्याची पकड सुटत आली होती. ह्यांनी पाना माझ्या हातात दिला, खुर्चीचा पाय धरला आणि शेवटचा जिना स्वतः चढले. ह्यांच्या पोटाचा विचार करता तेही एक आश्वासनच होतं. वर पोचल्यावर कपाळ पुसत भावजयीला म्हणाले, "चुकलं आमचं." ती म्हणाली, "भावोजी, आधी बाजूला व्हा."

दोघी सुखरूप आहेत. हे दिवसभर त्या जिन्यावरच बसून होते. इंजिनिअरना एकेकाला समोर उभं केलं. "नवी मोटर कधी?" आणि मग गप्प. नुसते बघत. ती पद्धत मी ओळखली. मोटर ह्याच आठवड्यात बसतेय, नवी इमारत येवो न येवो.

तुझा शेवटचा प्रश्न: मी काही केलं का? प्रश्न उद्भवत नाही.

तुझी,
ताई


२८ एप्रिल

आमच्या घरच्या मंत्रीणबाईंस अतारांकित प्रश्न (उत्तर लेखी द्यावे):

काल भाचीला बघून तुमच्याकडे आले होते. न्हाणीघरात हात धुतले. नळ अगदी कोरडा, एक थेंब नाही. बाहेर माळीदादांना विचारलं तर म्हणाले, "तो तर प्लंबर फेब्रुवारीतच नीट करून गेला की."

(१) नळ फेब्रुवारीतच दुरुस्त झाला होता, हे खरे आहे काय?

(२) असल्यास, मार्चभर तो रोज नाश्त्याच्या आधी कसा गळत होता?

(३) ही गोष्ट भावोजींना केव्हा सांगणार?

भुंगी


५ मे

सदस्येस उत्तरे पुढीलप्रमाणे:

(१) होय.

(२) हे आंघोळीला जायच्या आधी मी तो थोडा सैल सोडत होते. तुझ्या पहिल्या पत्रानंतर मला वाटलं, घरात जीभ एकदा "करतो" म्हणायला शिकली, तर बाहेरही कधीतरी निसटेल. लिफ्टचा एक शब्दही बोलले नाही, आईचा नियम मोडला नाही. तू माझ्यावर फितुरीचा आळ घेतलास तेव्हा मी हेच करत होते. पण सांगितलं असतं तर तू माइकवरून सांगितलं असतंस.

(३) काल सांगितलं.

मला वाटलं होतं चिडतील. पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "माहीत आहे."

मी म्हटलं, "काय माहीत आहे?"

"मी हार्डवेअरवाल्याचा मुलगा. मार्चमध्येच एकदा पाना लावून नळ उघडला होता. आत वॉशर कोरा करकरीत. नवा वॉशर घातलेला नळ रोज सकाळीच का गळतो, हे न कळायला मी काय मंत्री म्हणून जन्माला आलोय?"

मग हेच हळूच म्हणाले, "कागदावर घातलेली तारीख खातं खोडतं. सभागृहात तोंडून गेलेली कुणालाही खोडता येत नाही. आजोबा खोकतात."

भुंगी, माझ्या हातातला चहा तसाच राहिला. मी विचारलं, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही मुद्दाम...?"

त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. आतून उत्तर आलं,

"हे अंशतः खरे आहे."

तुझी,
ताई